भेगेतलं पाणी

पाणी दगडाला झिजवतं, हे आपण शाळेतच शिकलो. पण अगदी कठीण खडकाला ते न झिजवताही कमकुवत करू शकतं. याचा मोठा धडा मिळाला तो अमेरिकेतल्या डेन्व्हरजवळ, एका लष्करी कारखान्यात.

तर झालं असं. रॉकी माउंटन आर्सेनल या कारखान्यात रासायनिक अस्त्रं बनायची. तिथलं घाण पाणी टाकायचं कुठे? १९६१ मध्ये जवळजवळ ३.७ किलोमीटर खोल बोअर मारली, पार तळाच्या कठीण नाइस खडकापर्यंत. मार्च १९६२ पासून पाणी आत सोडायला सुरुवात झाली, आणि थोड्याच दिवसांत जमीन हादरायला लागली! १९६५ मध्ये डेव्हिड इव्हान्स या भूवैज्ञानिकाने दोन आलेख शेजारी ठेवले: महिन्याला किती पाणी सोडलं आणि किती धक्के बसले. चढउतार बऱ्यापैकी जुळत होते.

आता यात पाणी वंगणाचं काम करतं असं वाटेल, पण मुख्य गोष्ट वेगळी आहे. खोल खडकात जुन्या भेगा असतातच. वरचं प्रचंड वजन त्यांच्या दोन्ही बाजू एकमेकींवर दाबून धरतं, म्हणून त्या घर्षणाने जागच्या जागी राहतात. भेगेतल्या पाण्याचा दाब वाढला की ते आतून बाजूंना ढकलतं, पकड सैल होते आणि खडक सरकतो. दाब फारच वाढवला तर नवे तडेही जातात. मातीसाठी हे गणित कार्ल टेरझागीने १९२० च्या दशकातच मांडलं होतं.

फेब्रुवारी १९६६ मध्ये पाणी सोडणं थांबवलं. संपलं? छे! सगळ्यात मोठे धक्के बसले ते १९६७ मध्ये. कारण वर पंप बंद झाला तरी खाली दाब भेगाभेगांतून हळूहळू पसरतच राहतो.

त्याच वर्षी, ११ डिसेंबरच्या पहाटे, आपल्याकडे कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. शिवाजीसागर भरायला लागून जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. तिथे बेसॉल्टखाली ग्रॅनाइट आहे, आणि त्यात आधीपासून ताण साठलेला होता. धरणाने तो निर्माण केला नाही, फक्त मोकळा व्हायला निमित्त दिलं, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पुढे हर्ष गुप्ता यांच्या अभ्यासातून दिसलं की पाणी किती चढतं याइतकंच ते किती वेगाने चढतं, हेही महत्त्वाचं आहे.

म्हणजे पाऊस आपल्या हातात नसला, तरी जलाशय किती घाईने भरू द्यायचा हे काही अंशी आपल्या हातात आहे. कोयनेच्या खोऱ्यात राहणाऱ्यांसाठी ही छोटी गोष्ट नाही.