ओंजळीनंतरचे दोन तास

साडेतीन वर्षं आधी
४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर होतो. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. जानेवारी १९२४मध्ये महाडची नगरपालिका चवदार तळं खुलं करण्याचा ठराव करते. तरी पुढची तीन वर्षं अस्पृश्यांना त्या तळ्याला हात लावता येत नाही. मुसलमान पाणी भरतात, ख्रिस्ती भरतात, गुरं पितात.

मी राहतो त्या बंगळुरूच्या जे. पी. नगरात घरकामाला येणाऱ्या बायका समोरची लिफ्ट उघडी असली तरी मागच्या लिफ्टसाठी थांबतात. तसा फलक कुठेही नाही. म्हणूनच महाडचा २० मार्च १९२७चा दिवस मला जुना वाटत नाही.

आदला दिवस
१९ मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस यांनी जुळवून आणलेली. गावोगावची अडीच-तीन हजार माणसं मांडवात. त्यांच्यासाठी पिण्याचं पाणी ४० रुपये मोजून विकत घेतलेलं. तळं खुलं असलेल्या गावात! पस्तिशीतले डॉ. आंबेडकर त्यांना सांगतात : मेलेल्या ढोराचं मांस सोडा, शिळे तुकडे मागणं सोडा, शेती करा.

त्या दिवसाची सकाळ
ठराव होतात. शेवटी चित्रे उठतात आणि पाण्याचा विषय काढतात : तळं खुलं आहे, तर आत्ताच जाऊ या. मांडव उठतो. बाजारपेठेतून शिस्तीत मिरवणूक निघते.

साधारण दोन तास आधी
तळ्याच्या पायऱ्या. बाबासाहेब खाली उतरतात, ओंजळीत पाणी घेतात आणि पितात. मागून माणसं उतरत राहतात. या लोकांना तहान भागवायला तळं लागत नव्हतं, पाणी तर मांडवात होतं. हवा होता तो वाकून, स्वतःच्या हाताने पाणी उचलण्याचा हक्क. कोणी अडवत नाही. सगळे परत मांडवाकडे वळतात.

शेवटची काही मिनिटं
गावात आवई उठते : हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. तसा बेत कोणाचाच नव्हता. पण ग्रामदैवताचं नाव पुरेसं होतं. जमाव लाठ्या घेऊन जमतो.

घाला
मांडवात काही जण जेवत होते, काही जण गावी परतायची बांधाबांध करत होते. जमाव तुटून पडतो. अन्न मातीत तुडवलं जातं. गल्लीबोळांत एकटेदुकटे गाठून लोकांना मारलं जातं. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळतो. वीसेक जण गंभीर जखमी होतात. बाबासाहेब बंगल्यावर उतरले होते. तिथे शंभरेक माणसं त्यांच्या एका शब्दाची वाट पाहत उभी होती, त्यांत पलटणीत लढून आलेलेही होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्या क्षणी एवढी ताकद मुठीत धरून ठेवणं, हे पाणी पिण्याइतकंच मोठं धैर्य होतं असं मी मानतो.

नंतर
शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. ४ ऑगस्ट १९२७ला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं होत होती. डिसेंबरात सवर्णांनी दावा लावला. तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ला निकाल लागला : अस्पृश्यांना रोखणारी अनादि काळापासूनची रूढी सिद्ध झालेली नाही. दहा वर्षांना तीन दिवस कमी.

२६ जानेवारी १९५०पासून घटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली. १ जून १९५५ला अस्पृश्यतेबद्दल शिक्षा देणारा कायदा अमलात आला. त्या ओंजळीला तेव्हा २८ वर्षं उलटून गेली होती.