जुन्या वस्तूंचे कैवारी काका केळकर

जुन्या वस्तूंची घेवदेव करणारा माणूस म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें तराजू येतो. तांब्याचा हंडा किती शेर भरला एवढेंच त्या पारड्यांत मोजलें जातें. तो कोणी घडविला, कोणत्या घरांत पाण्यानें भरला जात होता, हें तेथें कोणी विचारीत नाहीं. पुण्याचे कै. दिनकर गंगाधर केळकर यांनीं मात्र जन्मभर हेंच विचारलें, म्हणून त्यांचें स्मरण उचित होय.

काका केळकर १८९६ सालीं जन्मले. पोटापाण्याचा धंदा चष्म्यांचा. ‘अज्ञातवासी’ या नांवानें ते कविताही लिहीत. सुमारें १९२० पासून त्यांनीं जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. राजेरजवाड्यांच्या रत्नभांडारापेक्षां त्यांस सामान्य संसारांतील वस्तूंची ओढ अधिक. दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, दौती, वाद्यें, कोरीव दरवाजे, जें जें लोकांनीं अडगळ म्हणून टाकलें, तें तें त्यांनीं आदरानें उचललें. व्यापारी घेतो तें विकण्यासाठीं. काकांनीं घेतलें तें राखण्यासाठीं. कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेषही त्यांच्या संग्रहालयांत पुन्हां उभे राहिले.

त्यांचा मुलगा राजा अल्प वयांत वारला. शुक्रवार पेठेंतील ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ या नांवांतील ‘राजा’ ही पदवी नव्हे. तें त्या लेकराचें नांव आहे. पित्यानें आपलें दुःख कुलुपांत ठेविलें नाहीं, त्याचें दार सर्वांसाठीं उघडलें. पुढें तो संग्रह त्यांनीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९९० सालीं ते निवर्तले. आज तेथें सुमारें २०,००० वस्तू आहेत. त्यांपैकीं सुमारें २,५०० मांडलेल्या दिसतात.

वाचकहो, आपलें शहाड कारखान्यांचें गांव. पुष्कळ कुटुंबें एक पत्र्याची पेटी घेऊन येथें उतरलीं. ती पेटी, आजीची जपमाळ, लग्नाचा पिवळा पडलेला फोटो आज भंगाराच्या वाटेवर आहेत. ज्युबिलीच्या या वर्षीं एवढें करावें: अशा वस्तूस एक चिठ्ठी बांधून तीवर कोणाची, कोठली, केव्हांची हें लिहावें. सांगणारीं वडील माणसें आहेत तोंवरच हें साधेल; मागाहून वस्तु उरेल, पण ती मुकी असेल. आणि कल्याणहून पुण्यास जाण्याचा योग आला, तर मुलांस तें संग्रहालय अवश्य दाखवावें.