बुद्धीची मोजपट्टी : पॅरिसचे बिने व धारवाडचे कामत

घाटकोपरच्या एका शाळेंत मीं तीस वर्षें अध्यापन केलें. त्या काळांत ‘मठ्ठ’ हा शब्द मीं किती मुलांस लाविला असेल, याची मोजदाद माझ्यापाशीं नाहीं. पण एका मुलाची आठवण पक्की आहे. सातवींत दुसऱ्यांदा बसलेला हा मुलगा वाचावयास उभा राहिला कीं एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर घसरे. याला एखाद्या धंद्यास लावा, असा सल्ला मीं त्याच्या वडिलांस देऊन टाकिला. वडील कमी बोलणारे, पण चिकाटीचे. त्यांनीं मुलास रुग्णालयांत मानसशास्त्र जाणणाऱ्या बाईंकडे नेलें आणि त्यांनीं दिलेला कागद माझ्यापुढें ठेविला. त्यावर लिहिलें होतें : बुद्धि सर्वसाधारण, वाचनांत मात्र विशेष अडचण. बुद्धि ज्या परीक्षेनें पाहिली तिचें नांव होतें बिने-कामत कसोटी. हे बिने कोण आणि कामत कोण, हें मला ठाऊक नव्हतें. शरमेपोटीं मी तें शोधूं लागलों. आज श्रोत्यांस सांगावयाचें तें त्या दोघांविषयींच.

आल्फ्रेड बिने यांचा जन्म १८५७ सालीं फ्रान्समधील नीस येथें झाला. त्यांनीं कायद्याची पदवी घेतली, पण मन रमलें तें पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत. मानसशास्त्र ते तेथें बसून स्वतःच शिकले. पुढें शार्को यांच्या रुग्णालयांत मोहनिद्रेचे प्रयोग करीत असतां, लोहचुंबक फिरवून शरीराच्या एका बाजूचीं लक्षणें दुसऱ्या बाजूस नेतां येतात, असा निष्कर्ष त्यांनीं व त्यांचे सहकारी फेरे यांनीं प्रसिद्ध केला. बेल्जमच्या देल्बफ यांनीं त्यांतील दोष उघड केला. प्रयोग करणारांना काय हवें आहे हें रोग्यांस आधींच उमगत असे, आणि तेंच घडे! बिने यांना चूक जाहीरपणें मान्य करावी लागली. त्यांच्या चरित्रांतील हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या मुलाकडून मास्तर कांहींच अपेक्षीत नाहीं, तें मूल फळ्यापाशीं येऊन काय करतें, हें कोणत्याही शिक्षकानें आठवून पाहावें.

या फजितीनंतर ते घरांतच प्रयोग करूं लागले. मादलेन व आलिस या त्यांच्या दोन मुली. एकाच घरांत वाढलेल्या, पण विचार करण्याची रीत दोघींची निराळी. ती त्यांनीं बारकाईनें टिपली. शाळांतील हुशार व मंद मुलांचीं डोकींही त्यांनीं मोजलीं. फरक अगदींच क्षुल्लक निघाला. शिवाय मोजतांना आपलाच पूर्वग्रह हाताला ओढीत असावा, अशी शंका त्यांना आली. त्यांनीं तो नाद सोडला.

१९०४ सालीं फ्रेंच शिक्षण खात्यानें एक समिति नेमली. सामान्य वर्गांत मागें पडणाऱ्या मुलांस वेगळें शिक्षण द्यावयाचें, तर तीं मुलें ओळखावीं कशीं, हा प्रश्न होता. मास्तरांच्या शेऱ्यावर बिने यांचा भरंवसा नव्हता. डॉक्टर तेओदोर सिमों यांच्या साहाय्यानें त्यांनीं १९०५ मध्यें तीस प्रश्नांची मोजपट्टी सिद्ध केली. पहिल्या प्रश्नांत पेटलेल्या काडीकडे मूल नजर फिरवितें काय तें पाहावयाचें. शेवटच्या प्रश्नांत अमूर्त शब्दांतील भेद सांगावयाचा. १९०८ मध्यें प्रश्नांची वयवार मांडणी झाली. सात वर्षांच्या बहुतेक मुलांस जें साधतें व त्याहून लहानांपैकीं बहुतेकांस साधत नाहीं, तो सात वर्षांचा प्रश्न. इतकें साधें तत्त्व!

बुद्धि जन्मतःच ठरलेली व न वाढणारी आहे, हें मत त्यांनीं १९०९ च्या आपल्या ग्रंथांत कडक शब्दांत खोडून काढलें. मागें पडलेल्या मुलांसाठीं त्यांनीं मनाचे व्यायाम सुचविले. त्यांतील एक म्हणजे खूण होतांच पुतळ्यासारखें निश्चल उभें राहणें. आपल्या चाळींतील मुलें ‘स्टॅच्यू’ म्हणून हेंच खेळत आलीं आहेत! १९११ सालीं, वयाच्या अवघ्या चौपन्नाव्या वर्षीं, बिने वारले. पुढें अमेरिकेंत टर्मन यांनीं १९१६ मध्यें त्या मोजपट्टीची स्टॅनफर्ड आवृत्ति काढली; आणि मदतीसाठीं केलेलें साधन माणसांची प्रतवारी लावण्याकडे वळलें.

ही अमेरिकन आवृत्ति आपल्या मुलांपुढें जशीच्या तशी ठेवून कसें चालेल? ज्यानें डॉलर पाहिला नाहीं, त्याला अमेरिकेंतील नाणीं ओळखतां आलीं नाहींत तर दोष कोणाचा? आणि नुसतें भाषांतरही पुरत नाहीं. एका भाषेंत सोपा असलेला शब्द दुसरींत अवघड होतो, आणि सात वर्षांचा प्रश्न नवव्या वर्षावर जाऊन बसतो. म्हणून प्रत्येक प्रश्न येथील मुलांवर पुन्हां पारखून घ्यावा लागतो. हें कंटाळवाणें काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं धारवाडास केलें. धारवाड तेव्हां मुंबई इलाख्यांत होतें. १९३४ मध्यें त्यांनीं कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीं आपली आवृत्ति तयार केली, आणि १९४० सालीं त्यांचा इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें प्रसिद्ध केला. त्यांच्यापूर्वीं लाहोरास राइस यांनीं असा यत्न केला होता. पण मराठी मुलाला त्याच्या मायबोलींत प्रश्न विचारणारी मोजपट्टी म्हणजे कामतांची.

तिचा वापर आपल्याकडील दवाखान्यांतून अद्यापि होतो, आणि येथें मला थोडें कुरकुरावेंसें वाटतें. ज्या मुलांवर ती बेतली तीं आतां पणजोबा झालीं असतील. बुद्धिपरीक्षेंत नव्या पिढीचे गुण जुन्या पिढीहून चढत जातात, असें अनेक देशांत आढळलें आहे. साहजिकच जुन्या पट्टीवर आजच्या मुलाचा अंक वाजवीपेक्षां फुगतो, आणि ज्याला मदत हवी तें मूल ‘ठीक आहे’ म्हणून परत पाठविलें जाण्याचा धोका राहतो. कामतांनीं जें कष्ट घेतले ते पुनःपुन्हां घ्यावयाचे होते.

त्या मुलाला शालान्त परीक्षेंत वेळ वाढवून मिळाला व तो उत्तीर्ण झाला. आतां मुलुंडला त्याचें विजेच्या सामानाचें दुकान आहे. मागें मी तेथें दिवा घ्यावयास गेलों होतों. पावती त्यानें हळूहळू, एकेक अक्षर पाहून लिहिली, आणि मी उभा राहिलों.