जादाचे तांदूळ

आमच्या गोव्यात चवथ जवळ आली की घराची साफसफाई सुरू होते. भिंतींना रंग, माटोळीची जागा स्वच्छ, भांडी घासूनपुसून लख्ख. पण माळ्यावर सहसा कोणी चढत नाही. आमच्या घरात तर तो मान फक्त आईचा होता. वर काय आहे, कुठे आहे आणि कशासाठी आहे हे तिलाच ठाऊक. ती गेल्यानंतरच्या दुसऱ्या चवथीला मी आणि बहीण शिडी लावून वर चढलो आणि दोन दिवस खालीच उतरलो नाही असे म्हटले तरी चालेल. कान तुटलेल्या कपबशा, तीन बंद पडलेले रेडिओ, वडिलांच्या छत्र्या, बिस्किटांचे रिकामे डबे, आणि त्या डब्यांत पुन्हा लहान डबे!

मी सरकारी कारकून. कार्यालयात प्रत्येक फाइल किती वर्षे ठेवायची याचे नियम असतात. काही कायमच्या, काही ठरावीक वर्षांच्या. मुदत संपली की यादी करायची, वरिष्ठांची सही घ्यायची आणि रद्दीत काढायची. घरातल्या वस्तूंना मात्र अशी मुदत नसते. प्रत्येक वस्तू कायम वर्गातली.

त्या पसाऱ्यात एक तांब्याचा मोठा टोप निघाला. लग्नकार्यात पन्नास माणसांचा भात शिजेल एवढा. जुन्या भांड्यांवर नाव टोचून घ्यायची पद्धत होती, तशी याच्याही कडेवर अक्षरे होती. पण ती आमच्या घराण्याची नव्हती, शेजारच्या घराची होती. बहिणीने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. माझ्या मुंजीच्या वेळी शेजाऱ्यांकडून आणलेला टोप परत मिळाला नाही असे शेजारच्या काकी म्हणत आणि तो केव्हाच दिला असे आई म्हणे. या एका टोपापायी दोन्ही घरांतले हळदीकुंकू बंद झाले होते. आता आई नाही आणि काकीही नाहीत. आई खोटे बोलली नसणार, विसरली असणार. एवढ्या सामानात कोणीही विसरेल. आम्ही तो टोप पुसून कोपऱ्यात ठेवला आणि त्याचे काय करायचे ते ठरवले नाही.

त्यानंतर पितृपक्षात माझा एक सहकारी श्राद्धासाठी त्याच्या गावी, बिदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यात निघाला होता. बसवकल्याण पाहायची माझी जुनी इच्छा होती, म्हणून मीही रजा टाकून त्याच्याबरोबर गेलो. हा सगळा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षी राज्य पुनर्रचनेत बिदर जिल्ह्याचे उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठी मुलखात गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण कर्नाटकात राहिले. घरांत मात्र मराठी आणि कन्नड दोन्ही नांदतात.

आम्ही पोहोचलो तेव्हा गावात जिकडेतिकडे धुणे चालले होते. घरातल्या सगळ्या वाकळा, चादरी बाहेर, डबे अंगणात उन्हाला, भिंतींना चुना. मित्राच्या काकू म्हणाल्या, “दसरा काढायलो बघा.” नवरात्राच्या आधी सगळे घर उपसून स्वच्छ करण्याला तिकडे ‘दसरा काढणे’ म्हणतात. मराठवाड्यातही हाच शब्द आहे. मला तो फार आवडला. दिवाळी येते, चवथ येते, पण दसरा ‘काढावा’ लागतो, घराच्या पोटातून!

आजकाल या गोष्टीला जगभर मोठे महत्त्व आले आहे. जपानच्या मारी कोंडो या बाईंचे घर आवरण्यावरचे पुस्तक २०११ साली आले आणि ते अनेक भाषांत गेले. हातात घेतल्यावर ज्या वस्तूने आनंद होईल तीच ठेवा, बाकीच्यांना निरोप द्या, असे त्या सांगतात. अमेरिकेत डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी या संशोधकांनी २०१० साली नोकरदार जोडप्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या घराचे वर्णन ज्या स्त्रियांनी पसारा, अर्धवट राहिलेली कामे अशा शब्दांत केले, त्यांच्या शरीरातले कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक दिवसभरात जसे उतरायला हवे तसे उतरत नव्हते. म्हणजे पसाऱ्याचा भार मनावर पडतो हे आपल्या आज्यांना ठाऊक होते, ते आता प्रयोगशाळेलाही दिसले आहे. पण एक प्रश्न उरतोच. काढलेली वस्तू जाते कुठे? आणि मुळात ती होती कोणाची?

या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर त्याच परिसरात, बसवकल्याणला आहे. हे कल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी. आपल्या गोव्याशी त्याचे सोयरिकीचे नाते आहे. गोव्याचा कदंब राजा दुसरा जयकेशी हा कल्याणच्या सहाव्या विक्रमादित्याचा जावई. पुढे बाराव्या शतकात त्याच कल्याणात कलचुरी बिज्जळाच्या पदरी बसवण्णा भांडाराचा अधिकारी होता. राज्याचा खजिना सांभाळणाऱ्या या माणसाने दोन शब्द लोकांत रुजवले. कायक म्हणजे प्रामाणिक कष्ट, आणि दासोह म्हणजे त्या कष्टांतून गरजेपुरते ठेवून उरलेले समाजाला देणे. त्याच्याभोवती जमलेल्या शरणांत चांभार होते, परीट होते, नावाडी होते, आणि आयदक्की मारय्या व त्याची बायको लक्कम्मा हे जोडपेही होते.

आयदक्की म्हणजे वेचलेले तांदूळ. अंगणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणणे हे मारय्याचे कायक होते. त्या दाण्यांचे अन्न शिजवून हे जोडपे शरणांना जेवू घाली आणि स्वतः जेवे. कथा अशी सांगतात की एके दिवशी अनुभव मंटपातल्या चर्चेत मारय्याला वेळेचे भान राहिले नाही. मग घाईघाईत त्याने रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ गोळा करून आणले. लक्कम्माने पाहिले आणि ती रागावली. आपल्याला इतके लागत नाहीत, ही हाव आपल्याला शोभत नाही, जिथून आणले तिथे जादाचे ठेवून या, असे तिने नवऱ्याला बजावले. मारय्या उलट पावली गेला आणि जादाचे तांदूळ परत टाकून आला.

लक्कम्मा काही श्रीमंताघरची नव्हती, की घरात फार झाले म्हणून कंटाळली. तिच्या झोपडीत पसारा असणे शक्यच नव्हते. तरी तिने मूठभर तांदूळ उंबऱ्यावरच अडवले. आपण वस्तू घरात येऊ देतो आणि मग वीस वर्षांनी ती कशी काढावी याची चिंता करतो. तिने हिशेब दारातच केला. आणि ‘टाकून द्या’ असे ती म्हणाली नाही, ‘परत करा’ म्हणाली. हा फरक मला मोठा वाटतो. जादाचे ते आपले नव्हेच, दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातले आहे, हा तिचा विचार.

तिथून आम्ही कलबुर्गीला गेलो. तेथे ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांचा दर्गा आहे. ते १४०० च्या सुमारास दिल्लीकडून तिथे आले आणि १४२२ साली वारले. त्यांच्या गुरूंचे गुरू म्हणजे दिल्लीचे निजामुद्दीन औलिया. निजामुद्दीनांच्या खानकाहमध्ये रोज भेटी येत आणि रोज वाटल्या जात. दर शुक्रवारी नमाजाआधी कोठारे रिकामी करून झाडून घेत, असे त्यांच्या चरित्रांत आहे. दर शुक्रवारी दसरा काढण्यासारखेच हे! पुढे कलबुर्गीच्या दर्ग्याला सुलतानांकडून गावे इनाम मिळाली. माणसाचे काय किंवा संस्थेचे काय, एकदा रिकामे केले म्हणजे कायमचे झाले असे होत नाही. म्हणूनच तो शुक्रवार दर आठवड्याला ठेवलेला असावा.

शेवटी बिदर. मराठी माणसाला बेदर म्हटले की दामाजीपंत आठवतात. दुष्काळात त्यांनी मंगळवेढ्याची बादशाही कोठारे लोकांसाठी उघडली आणि विठोबाने विठू महार होऊन बेदरला त्याची भरपाई केली, ही कथा आपण लहानपणीच ऐकलेली असते. पण मला पाहायचा होता तो महमूद गवानचा मदरसा. इराणातल्या गिलानहून व्यापारी म्हणून आलेला हा माणूस बहमनी राज्याचा वजीर झाला. विजयनगरकडून गोवा जिंकून घेतला तो यानेच, १४७२ साली. त्याच वर्षी बिदरला त्याचा मदरसाही उभा राहिला. दर्शनी भागाचा एकच मिनार आज उरला आहे आणि त्यावर निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अजून चमकतात.

शत्रूंनी बनावट पत्र पुढे करून सुलतानाचे कान भरले आणि ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरीच्या गवानचा शिरच्छेद झाला. मग सुलतानाने त्याच्या संपत्तीची चौकशी केली. फेरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की वजिराच्या खासगी तिजोरीत अगदी थोडी नाणी निघाली. तो चटईवर झोपे आणि मातीच्या भांड्यांत शिजवलेले खाई. मिळकतीतला सरकारी कामाचा भाग आणि गरिबांचा भाग त्याने वेगवेगळा ठेवला होता. फक्त एक गोष्ट त्याने मनापासून जमवली, ती म्हणजे ग्रंथ. मदरशाच्या ग्रंथालयात सुमारे ३००० हस्तलिखिते होती असे सांगतात. म्हणजे हा माणूस सगळेच सोडणारा नव्हता. काय ठेवायचे हे त्याला नेमके कळले होते, आणि ते ठेवले तेही दहाजणांनी वाचावे म्हणून.

काय ठेवायचे, हे संकटात फार लवकर कळते. बिज्जळाच्या काळाच्या शेवटी कल्याणात रक्तपात झाला आणि शरणांना पळावे लागले. परंपरा सांगते की चन्नबसवण्णांबरोबर काहीजण वचनांच्या ताडपत्रांची गाठोडी घेऊन उळवीपर्यंत आले. हे उळवी जोयडा तालुक्यात, आपल्या गोव्याच्या हद्दीपासून जवळच. आणि आपले पूर्वज? सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळे पाडू लागले तेव्हा कुशस्थळीहून मंगेश प्रियोळला आला आणि केळशीहून शांतादुर्गा कवळ्याला आली. घरे, बागा, भांडीकुंडी मागे टाकून लोकांनी देव तेवढे उचलले. माळ्यावरचे काही कोणी बरोबर आणल्याचे ऐकिवात नाही.

परतीच्या प्रवासात मला तो टोप सारखा आठवत होता. भंगारात घातला असता तर तांब्याचे चांगले पैसे आले असते. ठेवला असता तर वडिलार्जित म्हणून मिरवता आला असता. पण लक्कम्माची गोष्ट ऐकून आल्यावर दोन्ही जमेना. रविवारी सकाळी मी आणि बहीण तो टोप घेऊन शेजारी गेलो. काकींच्या सुनेने दार उघडले. कडेवरची अक्षरे तिने बोटाने चाचपली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “सासूबाई शेवटपर्यंत म्हणत होत्या, की टोप गेला त्याचे काही नाही, पण बोलणे गेले.” तिने आम्हाला चहा केला. त्या घरात मी कितीतरी वर्षांनी चहा प्यायलो.

माळा अजून पुरता रिकामा झालेला नाही. वडिलांच्या छत्र्या तशाच आहेत, त्या काढायला मला वेळ लागेल. पण आता एखादी वस्तू हातात आली की ही हवी की नको, एवढेच मी विचारत नाही. ही कोणाची, हेही विचारतो. यंदा चवथीच्या सामानाची यादी केली तेव्हा बायकोने दोन नवे डबे लिहिले होते, ते तिने स्वतःच खोडले. शेजारची सून मात्र हळदीकुंकवाला येणार आहे.