दिसणारं पाणी, न दिसणारं पाणी

आमच्या मांजरा खोऱ्याला दुष्काळ नवा नाही. पण 1972 चा दुष्काळ आणि 2016 चा दुष्काळ एकाच मापानं मोजता येत नाहीत.

बहात्तरला मी बारा वर्षांचा होतो. पिकं वाळली, कणग्या रिकाम्या झाल्या. परदेशातनं आलेला लाल मिलो खाऊन माणसं जगली. बायाबापड्या दुष्काळी कामावर खडी फोडायच्या, तिथं सुकडी मिळायची. असल्याच कामांतून पुढं रोजगार हमी उभी राहिली. पण आमच्या गावात प्यायचं पाणी तळाला का होईना, होतं. पोहऱ्यानं काढायचं, थांबायचं, झिरपलं की पुन्हा काढायचं.

ते उरलं कसं? विहिरी पाच-सहा परस खोल. मुरमात साठलेलं पाणी झऱ्यानं यायचं. मोट ओढून बैल धावेवर दमले की उपसा आपोआप थांबायचा. आणि काठावरून वाकलं की पाणी दिसायचं. चैतातच म्हातारी माणसं म्हणायची, "दोन परस उरलंय, आता माळव्याला नको, जनावराला ठेवा." कायदा कुठला नव्हता, दिसणाऱ्या पाण्याचा धाक होता.

मग इंजिन आलं, वीज आली, मागोमाग बोर आलं. बोरात वाकून बघता येत नाही. शेजाऱ्यानं दोनशे फूट घेतलं की दुसरा तीनशेला जायचा. आमच्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते भेगांत. भेग लागली नाही तर नुसता फुफाटा निघतो. वर साखर कारखाने आले, उसाला बारमाही पाणी लागलं. मोटेच्या बैलासारखी मोटार दमत नाही.

2016 साली मांजरा धरण कोरडं पडलं. एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या, पाणी 5 लाख लिटर. बहात्तरला दाणा नव्हता. या वेळी रेशनवर गहू होता, पण घागर रिकामी होती.

त्यात आता पाऊसही पहिल्यासारखा राहिला नाही. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात अतिमुसळधार पावसाचे प्रसंग तिपटीनं वाढले, असं पुण्याच्या हवामान शास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय. पूर्वीची झड मुरमात मुरायची. आता चार दिवसांचा पाऊस दोन तासांत कोसळतो आणि माती घेऊन नदीला जातो. मग महिनाभर उघाड. ऊन वाढलं, तसं तलावातलं पाणीही जास्त उडतं. म्हणजे भुईत जातंय कमी आणि आपण काढतोय जास्त.

यातून वाट काढणारी गावंही आहेत. पुरंदरमधल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी जमिनीवर नाही, माणशी ठरलं: माणशी अर्धा एकराला पुरेल एवढं, उसाला नाही, आणि भूमिहीनालाही वाटा. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, शेतीसाठी बोर घेऊ देत नाहीत. दोन्ही गावांनी भुईतलं पाणी पुन्हा सगळ्यांना दिसेल असं केलं.

आपल्याही गावात चावडीच्या भिंतीवर पाऊस किती पडला आणि विहिरीत परस किती उरले, एवढं लिहायला काय लागतं? एक खडू. ऊस लावायचा का ज्वारी, हे मग ती भिंत वाचून ठरवावं.