नाव न विचारणारे दार

तरुण मुलीने घर सोडले की मराठीत 'पळून गेली' असे म्हणतात. त्यावर ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : 'कोणाबरोबर?' मुलगा पळाला तर 'का पळाला?' असे तरी विचारले जाते. मुलगी कशापासून पळाली, हे विचारण्याची रीत आपल्या बोलण्यात फारशी रुळलेली नाही. 'पाऊल वाकडे पडणे' हा वाक्प्रचारही एकट्या तिच्याच वाट्याला आलेला. घराला मुकलेल्या तरुण मुलींना आरोग्यसेवा आणि संततिनियमनाचे ज्ञान मिळावे, या प्रश्नाचा इतिहास म्हणूनच दवाखान्यांच्या इतिहासापुरता राहत नाही. दारात उभ्या असलेल्या मुलीला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो, याचा तो इतिहास आहे.

त्याचा आरंभ १८६३ मध्ये पुण्यात सापडतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घराशीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. काशीबाई नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला फसवणुकीतून दिवस गेले, तिने जन्मलेले मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ही त्यामागची घटना. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे, हे त्यांच्या इच्छेवर राहील, असे आवाहन फुल्यांनी केले होते. मुलीने कोणाचे नाव घ्यावे अशी अट त्यात नव्हती. १८७४ मध्ये याच घरात आश्रयाला आलेल्या एका विधवेचे मूल फुले दांपत्याने दत्तक घेतले. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. १८७५ मध्ये पंढरपूरलाही प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने असेच गृह सुरू झाले.

या कार्याचा गौरव आपण नेहमीच करतो. पण फुल्यांनी स्वतः दिलेला हिशेब क्वचितच वाचतो. मलबारींच्या टिपणांवर १८८४ मध्ये दिलेल्या अभिप्रायात त्यांनी लिहिले आहे की, तोवर ३५ गरोदर विधवा या गृहात येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी जगली ५. उरलेली ३० दगावली, कारण गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधे घेतलेली असावीत, असा फुल्यांचा निष्कर्ष आहे. समाजसुधारणेच्या इतिहासात यशाच्या दाव्याऐवजी असा कठोर हिशेब मांडणारे लेखन विरळाच. दार उघडे होते. पण त्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच भीतीने आपले औषध पाजले होते. आसरा आवश्यक होता, पण तो उशिरा मिळत होता. गर्भ राहण्यापूर्वीचे ज्ञान त्या मुलींना कोणीच दिलेले नव्हते.

१८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अपत्यहत्येसाठी प्रथम फाशीची शिक्षा झाली आणि वृत्तपत्रांनी स्त्रीजातीवर कोरडे ओढले. त्याला उत्तर आले ते जालन्याला लागून असलेल्या बुलढाण्याहून. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. 'कोणाबरोबर?' हा प्रश्न ताराबाईंनी पुरुषांकडेच वळवला, हे त्या पुस्तकाचे खरे बळ.

फुल्यांच्या हिशेबातील उणीव भरून काढू पाहणारा माणूस पुढे ३७ वर्षांनी आला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले तेही याच वर्षी. कर्व्यांना गणिताच्या प्राध्यापकीवर पाणी सोडावे लागले. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले, अश्लीलतेचे खटले सोसले; त्यांतील १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. संततिनियमन आणि गुप्तरोगांपासून बचाव या दोन्ही गोष्टी कर्व्यांनी नीतीच्या कचेरीतून काढून आरोग्याच्या कक्षेत आणल्या आणि स्त्रीच्या सुखाचा हक्क तिच्या विवाहाशी जखडून ठेवला नाही. मात्र त्यांचे दार वाचता येणाऱ्या, मुंबईपर्यंत पोहोचणाऱ्या माणसासाठी होते. फुल्यांकडे आसरा होता, कर्व्यांकडे ज्ञान होते. दोन्ही एका छताखाली मराठी समाजाने क्वचितच आणले.

स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला खरा; पण त्याच्या नावातच कुटुंब होते आणि नोंदवहीत 'जननक्षम जोडपे'. जिला कुटुंबच नाही तिची नोंद कोठे करायची? तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मधील बेणारे याच प्रश्नापाशी उभी आहे. गर्भपाताला सशर्त मान्यता देणारा १९७१ चा कायदा झाला, तरी अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती त्यात आवश्यक ठरली. पळून आलेल्या मुलीपाशी नेमके तेच नसते.

आज हा प्रश्न पाहायला जालना जिल्हा पुरेसा आहे. मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या तालुक्यांतील कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि अर्धे वर्ष फडाजवळच्या कोपीत काढतात. मुकादमाची उचल मिळते ती 'कोयत्या'ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. कोवळ्या वयात लग्न उरकण्याला हा हिशेब हातभार लावतो. शासन जोडपे मोजते, मुकादमही जोडीच मोजतो. एकटी मुलगी दोघांच्याही वहीत नाही. तिचे नाव गावच्या आशाताईंच्या यादीत असते तेव्हा ती फडावर असते. लग्नाच्या भीतीने ती निघून आली, तर एखाद्या स्थानकावर ती पुन्हा 'पळून आलेली'च ठरते.

१० ते १९ वयोगटासाठी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. महाराष्ट्रात शासकीय रुग्णालयांतून 'मैत्री' या नावाने सल्लाकेंद्रे चालली. नाव सुंदर आहे. पण २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीचा शरीरसंबंध डॉक्टरला कळला की पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कायद्याचा हेतू संरक्षणाचा आहे आणि अत्याचार झालेल्या मुलीला त्याची गरजही आहे. परंतु ज्या मुलीला पोलीस आणि घर या दोहोंची सारखीच धास्ती वाटते, ती या दाराशी येण्याचेच टाळते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही कोंडी ओळखली. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. यातही पालक आहेच. ज्या मुलीचा पालक म्हणजेच तिच्या पळण्याचे कारण, तिच्यासाठी बालकल्याण समितीचा रस्ता उरतो. तो तिला दाखवणारे कोणीतरी आधी भेटावे लागते.

मालतीबाई बेडेकरांनी अशा स्त्रियांविषयीच्या आपल्या पुस्तकाला 'घराला मुकलेल्या स्त्रिया' हे नाव दिले. 'पळालेल्या'ऐवजी 'मुकलेल्या' म्हटले की दोषाची जागा बदलते. साहित्य शिकवणाऱ्यांना शब्दाचे हे सामर्थ्य ठाऊक असते. वर्गात 'स्त्रीपुरुषतुलना' शिकवताना फुल्यांच्या त्या ३५ जणींचा हिशेबही फळ्यावर मांडायला हरकत नाही. समोरच्या बाकांवर बसलेल्यांपैकी कित्येकांचे वय त्यांच्याएवढेच असते.