लोकअदालतीत ठरलेला कर्जाचा हप्ता भरणे जमत नसेल तर काय करावे?

मुद्रा, पीएम स्वनिधी किंवा अन्य योजनेतून घेतलेले कर्ज थकल्यास बँक ते प्रकरण लोकअदालतीत नेऊ शकते. तेथे तडजोडीची रक्कम व हप्ते ठरतात आणि दोन्ही बाजू सह्या करतात. नंतर आजारपण आले किंवा धंदा मंदावला की तोच हप्ता जड जातो. अशा वेळी तारीख चुकण्याआधी बँकेला लेखी कळवा आणि मिळालेली सवलतही लेखीच घ्या.

निवाडा म्हणजे काय?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ नुसार लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो. त्यावर अपील करता येत नाही. हप्ते थांबल्यास बँक नवा दावा न लावता थेट वसुलीसाठी न्यायालयात दरखास्त दाखल करू शकते. कर्जाला जामीनदार असल्यास त्याच्याकडेही वसुली होऊ शकते.

आधी निवाड्याची प्रत वाचा

हप्ता चुकल्यास सूट रद्द होईल, अशी अट आहे का ते पाहा.

उदाहरण: ६०,००० रुपयांची थकबाकी ४०,००० रुपयांवर मिटली. दरमहा ४,००० रुपयांचे १० हप्ते ठरले. ५ हप्ते, म्हणजे २०,००० रुपये भरले आणि सहावा चुकला. वरील अट असल्यास बाकी २०,००० नव्हे, तर ४०,००० रुपये होते. त्यावर व्याज लागू शकते ते वेगळे.

काय करावे?

१. शाखा व्यवस्थापकाच्या नावे अर्ज द्या. अडचणीचे कारण, सध्याचे उत्पन्न आणि दरमहा किती भरू शकता ते लिहा. सोबत दवाखान्याची कागदपत्रे किंवा अन्य पुरावा जोडा.
२. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.
३. जमेल तेवढी रक्कम कर्जखात्यातच भरा आणि पावती जपून ठेवा. वसुली प्रतिनिधीला पावतीशिवाय रोख देऊ नका.
४. बँकेने मुदत वाढवली तर तसे पत्र मागा. तोंडी आश्वासन पुढे सिद्ध करणे कठीण जाते. हुकूमनाम्यानंतर हप्ते बदलण्यास बँकेची संमती लागते.
५. न्यायालयाबाहेर भरलेल्या रकमेची नोंद न्यायालयात झाली आहे का, ते विचारा. बँकेने नोंद केली नसेल तर तुम्ही स्वतः अर्ज करू शकता. त्यासाठी भरणा केल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे.
६. हप्त्यापोटी धनादेश दिले असतील आणि ते वटले नाहीत, तर वेगळा फौजदारी खटला होऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरल्यास तो टळतो.

जुना हप्ता भरण्यासाठी सावकाराकडून किंवा मोबाइल ॲपवरून नवे कर्ज काढू नका.

जप्ती आणि अटकेची भीती

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि मजुराची मजुरी जप्त करता येत नाही. गहाण ठेवलेल्या मालमत्तेला मात्र हे संरक्षण आहे असे धरून चालू नका.

केवळ पैसे नाहीत म्हणून दिवाणी कैद होत नाही. ऐपत असूनही टाळाटाळ केल्याचे न्यायालयाला दिसले पाहिजे आणि त्याआधी तुम्हाला म्हणणे मांडण्याची संधी मिळते. पैशांच्या हुकूमनाम्यासाठी महिलेला अटक करता येत नाही. म्हणून न्यायालयाची नोटीस आली तर ती घ्या आणि तारखेला हजर राहा.

वसुलीसाठी त्रास होत असल्यास

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ च्या आधी व संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये. सूक्ष्म वित्त कर्जासाठी ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आहे. शिवीगाळ किंवा धमकी झाल्यास आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी क्रमांक: १४४४८.

मोफत वकील

महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. इतरांसाठी राज्यानुसार उत्पन्नमर्यादा आहे. निवाड्याची प्रत, पावत्या आणि बँकेला दिलेला अर्ज घेऊन तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, अथवा १५१०० वर फोन करा.